हिसका की गचका?

नव्या माणसाशी ओळख झाली की त्याचे नाव, गाव, आईबाप विचारायची आपल्याकडे रीत आहे. शब्दांच्या बाबतीत ही रीत कोणी पाळत नाही. अर्थ कळला की काम भागते. परीक्षेपुरता तो पाठ करावा, वाक्यात उपयोग करून दाखवावा आणि पुढच्या शब्दाकडे वळावे, हाच आपणा विद्यार्थ्यांचा शिरस्ता. गेल्या पावसाळ्यात मात्र एका इंग्रजी शब्दाचे गाव आणि आईबाप शोधत फिरण्याची पाळी माझ्यावर आली. शब्द तसा किरकोळ. 'जर्क'. इंग्रजीत लिहिला तर अवघी चार अक्षरे.

खरे म्हणजे या शब्दाचा अर्थ समजायला कोश उघडण्याची गरज नाही. माझ्या गावाहून रोज सकाळच्या बसने कॉलेजला यावे, तेवढे पुरे. माझे गाव माण. मुळशी तालुक्यात, हिंजवडीला लागून. (कॉलेजच्या कागदपत्रांत पुष्कळदा ते 'मान' असे छापले जाते. बसमधून उतरताना सगळे प्रवासी आपापली मानच चोळत असतात, तेव्हा ही छपाईची चूक अगदीच निराधार म्हणता येणार नाही.) एके काळी हे भाताच्या खाचरांचे गाव होते. आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आमच्या शिवारात आहे, आणि माणपासून शिवाजीनगरपर्यंतच्या ज्या मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले, तिची कारशेडही आमच्याच गावात आहे. काचेच्या इमारतीच्या मागल्या बाजूला म्हैस बांधलेली, असे दृश्य बाहेरच्या लोकांना नवलाचे वाटते. आम्हाला वाटत नाही. म्हैस आमच्या शेजारच्यांची आहे.

आमचे एक खाचर रस्त्यात गेले. पैसे मिळाले, घर बांधले, पैसे संपले. त्यानंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी चालवण्याचा परवाना काढला. गेली चौदा वर्षे ते कंपन्यांतल्या नोकरदारांची ने-आण करणारी छोटी बस चालवतात. ते सातवी शिकले. आई चौथी. आजी शाळेच्या पायरीवर एकदाच बसली, तीही पाऊस आला म्हणून. कॉलेजात पाऊल टाकणारी घरातली पहिली मीच. त्यामुळे इंग्रजीत छापलेले काहीही घरात आले, मग ते औषधाच्या बाटलीवरचे असो की बँकेचे, की ते माझ्यापुढे येते.

असाच एक कागद जुलैत आला. ज्या ठेकेदाराकडे अण्णा काम करतात त्याने सगळ्या चालकांना तो वाटला होता. गाड्यांत नव्या छोट्या डब्या बसवल्या होत्या. गाडी एकदम पळवली, ब्रेक दणकून मारला, वळण जोरात घेतले, की त्या डबीत नोंद होते. महिन्याला ठराविक नोंदींच्या वर गेले की चालकाचा फेरा काढून घेणार. आणि नोंद होऊ नये म्हणून काय करावे, ते या कागदावर लिहिले होते. सहा सूचना. साऱ्या इंग्रजीत. चालक बावीस. त्यांतले मॅट्रिक झालेले तिघे.

"ही तीन नंबरची वळ बघ," अण्णा म्हणाले. "जर्क, जर्क दोनदा आलंय. म्हंजी काय गं?"

"हिसका, अण्णा."

"हिसका व्हय?" ते जरा थांबले. "मंग हिसका असंच का न्हाय लिव्हलं?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तेवढ्यात त्यांनी दुसरी गोष्ट सांगून टाकली. बाकीच्या चालकांना त्यांनी शब्द दिला होता की, माझी पोरगी कॉलेजात आहे, ती दोन दिवसांत हे सगळे मराठीत लिहून देईल.

दोन दिवसांत पाच सूचना झाल्या. पट्टा लावा, फोनवर बोलू नका, यांत अवघड काय होते? तिसरी मात्र हटून बसली. तिच्यात म्हटले होते की गाडी सुरू करताना आणि थांबवताना 'जर्क' बसता कामा नये. मी घरातला इंग्रजी-मराठी कोश उघडला. त्यात एकाच शब्दापुढे हिसका, झटका, धक्का, आचका असे चार पाहुणे रांगेने बसवलेले. त्यांतला कोणता बोलवावा? 'गाडी झटकामुक्त चालवावी' असे लिहून पाहिले. ते विजेच्या कुंपणाच्या जाहिरातीसारखे वाटले. 'धक्काविरहित' लिहिले, ते मला स्वतःलाच एका दमात वाचता येईना. आणि 'आचका' हा शब्द आमच्या घरात म्हातारा बैल शेवटचे श्वास घेत होता तेव्हा ऐकला होता. तो प्रवासी-बसच्या कागदावर लिहिण्याची माझी छाती झाली नाही.

शेवटी ग्रंथालयात गेले. आमच्या इंग्रजीच्या सरांनी शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक जाडजूड ग्रंथ कपाटातून काढून दिला आणि "यात शब्दांची जन्मकुंडली सापडते" असे म्हणून ते तासाला निघून गेले. तो तास माझाही होता. पण ग्रंथ घरी न्यायला मिळत नसल्यामुळे मी तेथेच बसले.

कुंडली मोठी गमतीची निघाली. 'जर्क' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या मध्यास दिसू लागतो, आणि त्याचा पहिला अर्थ हिसका असा नव्हताच. तो होता चाबकाचा फटका. चाबूक ओढताना हाताला जो झटकन ओढा द्यावा लागतो त्यावरून पुढे पंचवीस-तीस वर्षांत एकदम ओढणे, हिसकणे हा अर्थ आला असावा. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, त्याचा एक थोरला भाऊ होता. 'यर्क'. हा शब्द मोच्यांच्या कामातला. जोडा शिवताना टाका घातला की दोऱ्याची दोन्ही टोके धरून जोराने ओढायची आणि टाका आवळायचा, याला 'यर्क' म्हणत. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ' नाटकात रणांगणावरचे जखमी घोडे मेलेल्या धन्यांवर लाथा झाडतात, तेथेही हाच 'यर्क' वापरला आहे. 'ऑथेल्लो'त तोच शब्द बरगडीखाली भोसकण्यासाठी आला आहे. दोन्हींच्या मुळाशी काय आहे याबद्दल पंडितांनी खात्रीने काही सांगितलेले नाही. बहुधा त्या क्रियेच्या आवाजावरूनच शब्द घडला असावा, एवढेच म्हणतात.

हे वाचून मी थबकले. कारण आवाजावरून शब्द घडवण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवायला नको. गचकन, धाडकन, सटकन, फाडकन, खळ्ळकन. आमच्या गल्लीतले तीन वर्षांचे पोरही असे शब्द दिवसाला दहा पाडते. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना ध्वन्यनुकारी म्हणतात आणि दोन-चार उदाहरणे देऊन पुढे सरकतात. निबंधात असे शब्द आले की त्यांच्याखाली तांबडी रेघ येते, असा माझा शाळेपासूनचा अनुभव आहे. आणि येथे इंग्रजी भाषेच्या थोर ग्रंथात विद्वान लोक एका तशाच शब्दावर गंभीर चेहऱ्याने परिच्छेद लिहीत होते.

पुढची वाट तर आणखी वळणावळणाची. एकोणिसाव्या शतकात तो शब्द अंगाला आपोआप बसणाऱ्या आचक्यांसाठी वापरात आला. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली लहानशी हातोडी मारतात आणि पाय आपला आपण उडतो, त्या उडण्याच्या नावातही हाच शब्द. अमेरिकेत वाफेच्या इंजिनांना वाटेत ओढे-तळी गाठून पाणी भरून घ्यावे लागे. अशा आडवळणाच्या, जेथे पाणी भरण्यापलीकडे गाडी थांबण्याचे काही कारण नाही अशा क्षुल्लक गावांना 'जर्कवॉटर' म्हणू लागले. आणि १९३०च्या दशकात त्याच देशात 'जर्क' म्हणजे मूर्ख, नालायक माणूस अशी शिवी झाली. माझ्या वर्गातल्या पुष्कळांना हा शब्द ठाऊक आहे तो या शेवटच्या अर्थाने, सिनेमातून. मी हा शब्द शोधते आहे असे म्हटल्यावर मागच्या बाकावर जी खसखस पिकली तिचे कारण तेच. मांस वाळवून करतात त्या 'जर्की'चा मात्र या घराण्याशी संबंध नाही. तो शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. नावसाधर्म्य, दुसरे काही नाही. आडनाव एक असले म्हणून भाऊबंद ठरत नाहीत, तसे.

कॉलेजच्या जवळच्या बसथांब्यावर एक वृद्ध चर्मकार बाबा बसतात. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होताच. तो शिवायला टाकून मी त्यांच्यासमोर उभी राहिले. आजवर शंभर वेळा तेथे उभी राहिले असेन, पण त्यांच्या हातांकडे पाहिले नव्हते. आरीने भोक पाडले, मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओवला, आणि मग दोन्ही हात पंख पसरावेत तसे बाजूला फेकले. टप्प. टाका चामड्यात रुतला. पुन्हा भोक, पुन्हा दोरा, पुन्हा हात बाजूला. टप्प.

"बाबा, असं जोरात का ओढता? हळू ओढलं तर?"

त्यांनी वरही पाहिले नाही. "हिसका दिल्याबिगर टाका बसत न्हाय. हळू वढला तर दोरा येतो, टाका येत न्हाय."

पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधला 'यर्क' बसथांब्यावर, निळ्या ताडपत्रीखाली, माझ्या तुटक्या चपलेत बसत होता! ग्रंथालयातून काढलेली टिपणे माझ्या पिशवीत होती. ती मी बाबांना वाचून दाखवावीत असे एक क्षणभर मनात आले. पण मागे गिऱ्हाईक उभे होते आणि पाच रुपये सुटे नव्हते, त्यामुळे ते राहिले.

आमच्या बसमध्ये गावातलाच एक मुलगा असतो. तो दुसऱ्या कॉलेजात विज्ञान शाखेला आहे. त्याला विचारले तेव्हा तो एकदम खुलला, कारण त्याच्या विषयातले कोणी कलाशाखेवाले सहसा विचारत नाही. तो म्हणाला, पदार्थविज्ञानात 'जर्क' ही मोजण्याची राशी आहे. त्याने तिकिटाच्या पाठीवर आकृती काढली. आपण कोठे आहोत, ते स्थान. स्थान किती भराभर बदलते, तो वेग. वेग किती भराभर बदलतो, ते त्वरण. आणि ते त्वरणसुद्धा किती भराभर बदलते, तो 'जर्क'. विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जात असले तरी आत बसलेल्याच्या पेल्यातले पाणी हलत नाही. एकसारखा वेग अंगाला जाणवतच नाही. वेग एकसारखा वाढत राहिला तर पाठ खुर्चीला टेकते, पण तेही अंग सोसून घेते, कारण स्नायू त्या जोराच्या मापाने आवळलेले असतात. अंग फसते ते जोर अचानक बदलला की. म्हणून रेल्वेचा सरळ रूळ थेट वर्तुळाच्या तुकड्याला जोडत नाहीत. मध्ये थोडा थोडा वाकत जाणारा तुकडा घालतात. उंच इमारतीतल्या लिफ्टही याच हिशोबाने चालवतात. 'जर्क'च्याही पुढच्या तीन पायऱ्यांना इंग्रजीत थट्टेने 'स्नॅप', 'क्रॅकल' आणि 'पॉप' म्हणतात, आणि ही नावे न्याहारीच्या कुरमुऱ्यांच्या जाहिरातीतल्या तीन बुटक्यांची आहेत, असे त्याने सांगितले तेव्हा मला तो थापा मारतो असे वाटले. पण ते खरे आहे. शास्त्रज्ञांनाही कधी कधी आवाजी शब्द लागतात म्हणायचे.

मी घरी येऊन अण्णांना तिकिटावरची आकृती दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"ब्रेक दाबला की माणसं म्होरं येत्यात," ते म्हणाले. "ते कायबी न्हाय, ती सावरत्यात. पण गाडी पुरी हुबी ऱ्हाती ना, त्या टायमाला मागं आपटत्यात. समदी बोंब तिथं हाय. म्हनून हुबी ऱ्हायच्या जरा आदी पाय इतकासा उचलायचा." आणि त्यांनी जेवता जेवता पाटाखाली पाय लांब करून अंगठा दोन बोटे वर उचलून दाखवला.

मी पुन्हा तिकीट पाहिले. गाडी थांबत असताना एक जोर अंगावर असतो. गाडी उभी राहिली की तो जोर एका क्षणात नाहीसा होतो. त्या जोराला तोंड देण्यासाठी पुढून आवरून धरलेले अंग मग मागे फेकले जाते. पाय थोडा आधी उचलला की तो जोर हळूहळू उतरतो. त्वरणातला बदल हळू करणे म्हणजेच 'जर्क' कमी करणे. आमच्या बसमधल्या मुलाने जे चार ओळींत काढले होते ते अण्णांच्या अंगठ्यात चौदा वर्षे होते.

"तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

"कुनी न्हाय. तुझ्या आजीनं."

आजीने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि हिसका, गचका हे सगळे एकच का, असे विचारले. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तांदूळ आणि गहू एकच का असे विचारले आहे.

मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. गचका तो खालून येतो. चाक खड्ड्यात उतरले की बसतो, कमरेत कळतो. हिसका आडवा असतो. दावे, कासरा, हात, काहीतरी धरलेले असल्याशिवाय हिसका नाही. हिसडा म्हणजे धरलेले सोडवून घेणे. वासरू देते तो हिसडा. हेलकावा डाव्या-उजव्या अंगाला, भरलेल्या गाडीचा किंवा डोक्यावरच्या हंड्याचा. धक्का दुसऱ्याने दिलेला. हादरा मात्र जमिनीचा. "कोयनेचा हादरा बसला तवा मी नवी नवरी, फळीवरली भांडी खाली आली," ती म्हणाली. म्हणजे ११ डिसेंबर १९६७. आचका जीव जाताना. आणि दचका? तो अंगाला नाही, मनाला. "त्यो मातूर समद्यात वंगाळ," ती म्हणाली, "त्याला धरायला दांडी नसती."

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७मध्ये त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली. आमच्या ग्रंथालयात त्याची पुनर्मुद्रित प्रत आहे. हाताखाली पंडित ठेवून त्यांनी गावोगावचे शब्द गोळा केले. त्यात हिसका आहे, गचकाही आहे, आणि दोघांनाही इंग्रजी प्रतिशब्द दिलेले आहेत. साहेबाने आमचे शब्द शोधत यावे आणि मी दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी साहेबाचा शब्द शोधत जावे, ही एक गंमतच. पण 'हिसका दाखवणे' या वाक्प्रचाराने मला अधिक चकित केले. 'थांब, तुला हिसका दाखवतो' असे म्हणणारा माणूस ओढून काही दाखवत नाही, तो फटक्याचीच धमकी देतो. म्हणजे इंग्रजीत फटक्याचा ओढा झाला आणि मराठीत ओढ्याचा फटका. दोन भाषा दोन टोकांकडून निघाल्या आणि एकमेकींना वाटेत भेटल्या. भाषाशास्त्राच्या मॅडमना हे सांगितले तेव्हा त्यांनी "यावर अजून काम कर" असे म्हटले. मराठी घेणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठे बक्षीस मिळत नाही.

एक शब्द आजीने वगळला होता. आम्ही मुले कोणी मेले की 'गचकला' म्हणतो. लहानपणी मी एकदा तिच्यासमोर तसे बोलले होते आणि तिने उलथन्याने मारले होते. यादी करताना मी तो शब्द काढला. ती काही बोलेना. तांदळातला खडा बाजूला करायचा सोडून तांदळाचा दाणाच बाजूला करू लागली.

मग म्हणाली, "पयल्या येळंला सातवा लागला हुता. म्हायेराला धाडायचं ठरलं. साटीत पेंढा घातला, वर गोधडी. तुझा आजा बैलांना जपूनच चालवीत हुता. पर वढ्याच्या उताराला दगुड कुनी टाकला हुता का आपसूक आला हुता, द्येव जाने. एकच गचका बसला." आणि बोटे तांदळात तशीच राहिली. "म्हायेराला पोचले पर रिकामी."

वैद्यकशास्त्र कदाचित म्हणेल की एका गचक्याने असे होत नाही, कारणे दुसरी असतात. मी आजीला ते सांगितले नाही. ज्या बाळाचे नावसुद्धा ठेवायचे राहिले त्याची तिच्याजवळ एवढीच खूण आहे, एक शब्द. माझे अण्णा त्यानंतर चार वर्षांनी झाले. परवाना मिळाल्यावर ते आजीच्या पाया पडले तेव्हा तिने त्यांना पेढा भरवून काय सांगितले ते मला आता कळले. 'गाडीत कोण कशी अवघडलेली बसली आसंल ते पाठीमागं बघून कळत न्हाय. समदीच तशी हाईत आसं धरून चालव.' चौदा वर्षांत त्यांच्या गाडीत किती जणी तशा बसल्या असतील आणि किती जणींना ते कळलेही नसेल.

त्या रात्री आम्ही तिघे तिसऱ्या सूचनेला बसलो. मी म्हटले, गाडी निघताना आणि थांबताना जो बसतो तो आडवा असतो, म्हणून 'हिसका' लिहिते. अण्णांना पटले. आजीला पटले नाही.

"आन खड्ड्यातला?"

"तो कागदात नाही, आजी. इंग्रजीत जर्क एकच आहे. त्यांनी फक्त निघण्याथांबण्याचं लिहिलंय."

"का न्हाय लिव्हलं? खड्डं न्हाईत व्हय?"

अण्णा हसू लागले. गतिरोधक आणि खड्डा आला की चालकाने आधी वेग उतरवावा, चाक चढण्यापूर्वी ब्रेक सोडून द्यावा, नाहीतर पुढचे स्प्रिंग दाबलेलेच राहते आणि दणका दुप्पट बसतो, हे त्यांनी मग सांगितले. तेही कागदात नव्हते. मी विचारले, हे आपल्या मनाने घातले तर ठेकेदार काही म्हणेल का? अण्णा म्हणाले, "त्याला मराठी वाचायला आवडत न्हाय. त्यो बघायचा न्हाय."

इंग्रजी कागदात सहा सूचना होत्या. मराठीत सात झाल्या. तिसरी हिसक्याची आणि चौथी गचक्याची. वळणदार अक्षरात लिहून, बावीस झेरॉक्स काढून मी त्या अण्णांजवळ दिल्या. आठवड्याने त्यांना विचारले की लोक काय म्हणाले. पट्टा आणि फोन यांबद्दल कोणी काही बोलले नाही. तिसरीचे सगळ्यांना कळले. चौथीवर मात्र चहाच्या टपरीवर अर्धा तास वाद झाला. चाक चढण्याच्या किती आधी ब्रेक सोडावा, हात-दोन हात की एक गाडीभर, यावर. एकाने तर सूचनेखाली पेनाने 'भरलेली गाडी असल्यास अजून आधी' असे जोडून ती प्रत परत पाठवली आहे. अक्षर कच्चे आहे, पण वाचता येते. पुढच्या झेरॉक्सला ते मी आत घालणार आहे.